भाषा छान झाली, पण शास्त्र चुकलं

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एक साताऱ्याला शिकवतो, दुसरी सांगलीला. दोन्ही गावांच्या मध्ये कराड आहे, म्हणून आमच्या भेटी बहुधा कराडला होतात आणि त्यांत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपासून अभ्यासमंडळाच्या बैठकांपर्यंत सर्व नेहमीच्या तक्रारी यथासांग होऊन जातात. मागल्या पावसाळ्यात मात्र आम्ही एका वेगळ्याच कामासाठी बसलो होतो. सांगलीची एक जुनी विद्यार्थिनी, मूळची तासगावकडची, बारावीला मराठीत पहिली आलेली आणि तरीही (हे 'तरीही' अर्थातच आमचे) जीवरसायनशास्त्राकडे वळलेली, सध्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांवर संशोधन करते. तिने मराठीत पॉडकास्ट सुरू करायचे ठरवले होते. वीसेक मिनिटांचा एक भाग. विषय प्रथिने, आणि त्यांच्यामागे दिवसभर धावणाऱ्या माणसाचा दिनक्रम. पहिल्या भागाची संहिता तिने आम्हां दोघांना पाठवली आणि सोबत एकच ओळ लिहिली : सर, मॅडम, एकदा शुद्धलेखन बघाल का?

आम्ही शुद्धलेखन पाहिले नाही, भाषा पाहिली. मराठीच्या अध्यापकाला हा फरक सहसा लक्षात येत नाही.

तिने लिहिले होते की प्रथिन हे मोठे मानी प्रकरण असते. थंडीत शहाण्यासारखे वागते, उबेत नेले की रुसते. आम्ही त्याचे 'न्यून तापमानात प्रथिनांचे स्थैर्य अबाधित राहते' असे केले. 'आज कॉलम चालला नाही' या तिच्या वाक्याच्या जागी 'आज स्तंभ-वर्णलेखनाची प्रक्रिया अयशस्वी ठरली' हे वाक्य बसवले. सेंट्रिफ्यूजचे केंद्रोत्सारी यंत्र झाले. पुढे एका परिच्छेदात तिने दूध आणि अंडे यांची उदाहरणे दिली होती. दुधाबद्दल 'फाटते' आणि अंड्यातल्या प्रथिनाबद्दल 'उलगडते' अशी दोन क्रियापदे वापरली होती. एकाच लेखात एकाच गोष्टीला दोन शब्द नसावेत, हा आमचा दंडक. पारिभाषिक कोश उघडून आम्ही एक भारदस्त संस्कृत संज्ञा शोधली आणि दोन्ही ठिकाणी तीच घातली. कराडच्या त्या हॉटेलात तीन तास गेले. लाल शाईने भरलेली पाने पाहून आम्हांला आपण काही विधायक केल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. बिचकत बिचकत म्हणाली, "मॅडम, भाषा छान झाली, पण शास्त्र चुकलं."

तिचे म्हणणे असे. दुधात आंबट पडले की त्यातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे कण, जे एरवी एकमेकांना दूर ठेवून तरंगत असतात, ते एकमेकांना चिकटू लागतात आणि पाणी वेगळे होते. म्हणजे दूध खरोखरच फाटते. केसीनची मुळात घट्ट घडीच नसते, त्यामुळे नुसत्या उष्णतेने त्याचे फारसे बिघडत नाही. म्हणून तर आपण दूध रोज बिनदिक्कत उकळतो. अंड्याचे तसे नाही. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाच्या साखळीची एक नेमकी घडी असते, उष्णतेने ती उलगडते, आणि मग उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकून पांढरे घट्ट होते. दोन घटना, दोन कारणे, म्हणून दोन क्रियापदे. ती दोन्ही क्रियापदे तिला कोणत्याही कोशाने दिली नव्हती. आईच्या स्वयंपाकघरातून आणि स्वतःच्या प्रयोगशाळेतून मिळाली होती. आणि आम्ही भाषेच्या सफाईसाठी त्या दोहोंवर एक झाकण घातले.

या प्रसंगाला आता बरेच महिने झाले, पण तो आमच्या डोक्यातून जात नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच. आमचे मत थोडक्यात सांगायचे तर असे आहे की विज्ञानात काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामाची मराठी ही आज घडत असलेली मराठी आहे, आणि मराठीचे विभाग तिच्याकडे पाहतात ते लाल शाई हातात घेऊन किंवा पाहतच नाहीत. यात नुकसान विज्ञानाचे कमी आणि आमचे जास्त आहे.

गैरसमज नको. आम्ही पारिभाषिक शब्दांच्या विरुद्ध नाही. 'प्रथिन' हाच शब्द घ्या. १८३८ मध्ये बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने सुचवलेला आणि मुल्डर या डच शास्त्रज्ञाने रूढ केलेला 'प्रोटीन' हा शब्द 'पहिला, अग्रक्रमाचा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. मराठीत 'प्रथिन' करणाऱ्याने 'प्रथम' हाताशी घेऊन मूळचा ध्वनी आणि मूळचा अर्थ असे दोन्ही एका शब्दात राखले. तो ग्रीक शब्द आणि आपला 'प्रथम' हे भाषाकुळाच्या नात्याने एकमेकांचे लांबचे भाऊच आहेत. इतकी देखणी घडण ललित साहित्यातही रोज सापडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली विश्वकोशाचे जे काम झाले, त्यात 'प्रथिने' ही नोंद आहे. ती लिहिताना आणि संपादताना कोणाकोणाला किती शब्दांशी झगडावे लागले असेल याचा अंदाज आम्हांला त्या लाल शाईनंतर आला. वाईपासून साताऱ्याला तासाभराचे अंतर. आमच्या विभागाची सहल वाईला अनेकदा गेली, मेणवलीचा घाट पाहून परत आली.

शब्द घडतात ते फक्त मंडळांत नव्हे, हे मात्र सांगलीच्या माणसाला सांगायला नको. तासगावच्या द्राक्षबागेत जाऊन पाहावे. एका रोगाला शेतकऱ्याने 'भुरी' हा स्वतःचा शब्द दिला, दुसऱ्याला 'डाऊनी' हा परका शब्द सरळ घरात घेतला, आणि दोन्हींत कधी गोंधळ केला नाही. मण्यांची लांबी वाढावी म्हणून घड ज्या द्रावणात बुडवतात त्याला तिथे 'जीए' म्हणतात. जी.ए. म्हटले की आम्हांला कुलकर्णी आठवतात आणि तासगावच्या शेतकऱ्याला जिबरेलिक आम्ल. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर आहे. पण आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाला शब्द-उसनवारीची उदाहरणे म्हणून आम्ही अजून पोर्तुगीजांचे पाव आणि बटाटेच देतो.

आता त्या संहितेतल्या दुसऱ्या एका जागेविषयी. ही आमच्या दृष्टीने अधिक लाजिरवाणी.

आमची विद्यार्थिनी ज्या प्रथिनावर काम करते ते कडधान्यात असते. खाणाऱ्याच्या पोटातल्या पाचक प्रथिनाला, म्हणजे ट्रिप्सिनसारख्या विकराला, ते जाऊन चिकटते आणि त्याचे काम अडवते. वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर हे दाण्याचे संरक्षण आहे. तूर-हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटेअळीचे पोट अशा प्रथिनाने बिघडवता येईल का, हा तिच्या संशोधनाचा प्रश्न. माणसाच्या बाजूने पाहिले तर पावटा, वाल, घेवडा भिजवावेत, मोड आणावेत, नीट शिजवावेत या सगळ्या जुन्या शहाणपणामागे याच तऱ्हेची प्रथिने आहेत, कारण शिजवल्यावर त्यांचा जोर बराचसा ओसरतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा साताऱ्यात सर्वांना अभिमान आहे, तोही अर्धाकच्चा खाल्ला तर पोटाला सुखाचा नाही. हे सारे सांगून झाल्यावर संहितेत एक वाक्य होते : या वाटेवर आपल्याकडे १९५०च्या दशकातच कमलाबाई सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी चालून गेले आहेत. या वाक्याशेजारी समासात आम्ही लाल शाईने लिहिले : 'दुर्गा भागवतांची बहीण. उल्लेख करावा.'

उल्लेख करावा! चाळीशी ओलांडलेले, मराठीत एम.ए. केलेले, वीस वर्षे शिकवणारे दोन अध्यापक, आणि कमला सोहोनी या नावापुढे आम्हांला लिहिण्यासारखे एवढेच सापडले.

मग आम्ही वाचायला बसलो. १९११ साली इंदूरला जन्म. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्याच संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ही मुलगी परत गेली नाही. तिने तिथेच सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होणार नाही याची हमी. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा. (मराठीच्या प्रबंधांचे वजन करणाऱ्यांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावे.) 'पहिली भारतीय स्त्री शास्त्रज्ञ' असे बिरुद त्यांना लावतात. जानकी अम्मळ यांनी १९३१ मध्येच मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली होती, तेव्हा त्या बिरुदाचा आग्रह आम्ही धरणार नाही. पुढे दिल्ली, कुन्नूर, आणि मग मुंबईची विज्ञानसंस्था. तिथे नीरेतील पोषणद्रव्यांवर त्यांनी राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून संशोधन केले, कडधान्यांतल्या त्या अडवणाऱ्या प्रथिनांवर विद्यार्थ्यांसह निबंध लिहिले, आणि उशिरा का होईना त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत शिरल्या, भेसळ ओळखण्याच्या साध्या रीती लोकांपर्यंत नेल्या, मराठीत 'आहारगाथा' लिहिली. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आता दुर्गाबाई. 'ऋतुचक्र', 'पैस', 'व्यासपर्व' आम्ही शिकवतो. १९७५ साली आणीबाणीच्या अंमलात कराडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या कशा बोलल्या, हे आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि ते सांगताना आवाज आपोआप चढतो. कराड आमचेच की. एकाच घरातल्या दोन मुली. एकीने सत्तेपुढे मान तुकवली नाही ती १९७५ मध्ये, दुसरीने १९३३ मध्ये. एकीची हकिकत वाङ्मयेतिहासात येते. दुसरीची येत नाही, कारण ती वाङ्मयात घडलेली नाही. एवढे आम्ही समजू शकतो. पण दोघींनीही अन्नावर मराठीत लिहिले आहे. दुर्गाबाईंचे 'खमंग' आमच्यापैकी एकाच्या ग्रंथालयात ललित गद्याच्या कपाटात आहे, लेखिकेच्या नावामुळे. कमलाबाईंचे पुस्तक गृहविज्ञानाकडे. दोन कपाटांमध्ये एक खिडकी आणि झेरॉक्सचे यंत्र आहे.

कमलाबाईंचे गद्य दुर्गाबाईंच्या तोडीचे आहे असा दावा कोणी करू नये; आम्हीही करत नाही. ते दुसऱ्या कामाचे गद्य आहे. पण एखादी गोष्ट नेमकी सांगण्यासाठी मराठी वाक्य कसे बांधावे हा प्रश्न वाङ्मयाचा नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही कोणत्या आधारावर करत आलो?

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आक्षेप घेतला की विज्ञानाला मराठीत जागा नाही हे म्हणणेच खोटे. जयंत नारळीकर २०२१च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. खरे आहे. 'चार नगरांतले माझे विश्व' हे पुस्तक आम्हांला आवडते, आणि त्यात शास्त्रज्ञाचे रोजचे जगणे आहे हेही मान्य. मात्र आकाशाकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्याकडे कवीच्या जवळपासची जागा आधीपासून मिळालेली आहे. बर्फाच्या भांड्यात बोटभर नळ्या खोचून, गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून, चार महिने एकच प्रथिन विरघळेना म्हणून हैराण झालेल्या बाईला ती मिळालेली नाही. तिचा दिवस मराठीत कुठे लिहिला गेला आहे?

तो दिवस त्या संहितेत होता. आदल्या संध्याकाळी जिवाणू पोषक द्रवात सोडायचे. त्यांच्यात हव्या त्या प्रथिनाचा जनुक घातलेला असतो, रात्रभर ते हलत्या पात्रात वाढतात. सकाळी ते गोळा करायचे, बर्फावर ठेवून फोडायचे, गाळ खाली बसवायचा, वरचे पाणी एका उभ्या नळीतून थेंबथेंब जाऊ द्यायचे. हजारो प्रथिनांतून आपले एक निवडायचे. मग जेलवर निळा पट्टा दिसतो का पाहायचे. तो दिसला नाही तर ती रात्र आणि तो दिवस दोन्ही वाया, आणि संध्याकाळी पुन्हा जिवाणू सोडायचे. संहितेत तिला कोणीतरी विचारते की आता तर संगणक प्रथिनाचा आकार काही मिनिटांत सांगतो, त्या कामाला २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले, मग तू दिवसभर करतेस काय? ती म्हणते, आकार कळला म्हणून प्रथिन हातात येत नाही. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत तरी ही गोष्ट पटायला हरकत नाही : छापील संहिता हाती आली म्हणजे प्रयोग उभा राहिला असे होत नाही.

या दिनक्रमातला बराच भाग आम्ही 'पाल्हाळ' असा शेरा मारून काटला होता. पुढे आमच्या लक्षात आले की ज्या ग्रंथापासून आम्ही मराठी गद्य शिकवायला सुरुवात करतो, ते 'लीळाचरित्र' म्हणजे दुसरे काय आहे? एक माणूस कुठे बसला, काय जेवला, कोणाशी काय बोलला, वाटेत काय दिसले, याच्या म्हाइंभटाने ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून विचारून जमवलेल्या आठवणी. मराठी गद्याचा आरंभ दिनक्रमातून आणि ऐकलेल्या बोलण्यातून झाला, असे तास भरून सांगणारे आम्ही, समोर आलेल्या दिनक्रमावर 'पाल्हाळ' लिहितो. तेराव्या शतकातला असता तर त्याला आम्ही 'तपशिलांची जिवंतता' म्हटले असते.

ऐकण्याविषयीही तेच. पॉडकास्ट हा शब्द विभागात उच्चारला की पोरांचा उद्योग अशी मुद्रा होते. पण सांगलीला १९६३ पासून आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि हळद, ऊस, द्राक्षे यांच्याविषयी तज्ज्ञ माणसे आपल्या गावाला समजेल अशा मराठीत बोलताना आमच्या पिढीने कानांनी ऐकली आहेत. ती भाषणे कोणी वाङ्मय म्हणून जपली नाहीत. त्यांत किती चांगले मराठी गद्य हवेत विरले, हे सांगण्याचे साधन आज आमच्यापाशी नाही. यंत्र बदलले, पण आता निदान मुद्रण राहते. विद्यार्थ्याला ते थांबवून, मागे नेऊन, वाक्य तपासून पाहता येते. बोली आणि प्रमाण यांची सरमिसळ, उसना शब्द कुठे टिकतो, रूपक कुठे उपयोगी पडते आणि कुठे दिशाभूल करते, या सगळ्याचा पाठ त्यावर घेता येतो. आम्ही अभ्यासमंडळापुढे असा प्रस्ताव मांडला आहे : ललित गद्याच्या पत्रिकेत एक लहान घटक, वैज्ञानिक गद्याचा, लिखित आणि श्राव्य. पहिल्या बैठकीत तो 'विचारार्थ' ठेवला गेला. विचारार्थ ठेवणे म्हणजे काय हे वाचकांतील अध्यापकांना ठाऊक आहे.

दरम्यान आमच्या विद्यार्थिनीने आमची पाने बाजूला ठेवून आपल्याच शब्दांत पहिला भाग ध्वनिमुद्रित केला. दोन ऱ्हस्व-दीर्घ मात्र आमचे घेतले, असे तिने हसून सांगितले. ध्वनिमुद्रणात ऱ्हस्व-दीर्घाचा काय उपयोग झाला असेल तो असो. साताऱ्याच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तो भाग आम्ही ऐकवला. फाटणे आणि उलगडणे ही जागा आली तेव्हा मागच्या बाकावरचा, घरी चार म्हशी असलेला एक मुलगा उठला. हा वर्षभरात प्रथमच बोलला. म्हणाला, "सर, मग खरवसाचं काय? चिकात आपण आंबट काहीच घालत नाही. नुसता वाफवला तरी घट्ट होतो. दूध कितीबी उकळा, तसं होत नाही."

आम्हांला उत्तर येत नव्हते. तेथूनच तिला फोन लावला. ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली की त्या मुलाला सांगा, खरवस दुधाकडचा नाही, अंड्याकडचा आहे. पहिल्या चिकात साध्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिने असतात आणि त्यांतली पुष्कळशी केसीन नसतात, वासराला रोगांपासून राखणारी असतात. त्यांची घडी उष्णतेने उलगडते. म्हणून आंबटाची गरज लागत नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे उलगडतंय, फाटत नाही," आणि खाली बसला.

तिचा दुसरा भाग खरवसावर आहे. संहिता परवा आली. 'चीक' या शब्दाला काही पर्याय सुचवावा असे आमच्यापैकी एकाच्या मनात येऊन गेले होते. सुचवला नाही.